पेंढ्यावरची धिंगरी : चिंचपाड्यात खर्च किती, हाती किती

धिंगरी अळंबीच्या वीस पिशव्या घरच्या पडवीत लावून पाहायच्या, तर खिशात साधारण २,८०० रुपये हवेत. त्यातले हजारभर पेंढा, बियाणं, पिशव्या आणि सरपणात जातात. बाकीचे पिंप, फवारा आणि आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र अशा एकदाच घ्यायच्या वस्तूंचे. शंभर पिशव्यांची खेप लावायची तर मजुरी न धरता पाच हजारांच्या वर जातात, शिवाय शेड. आकडे सुरुवातीलाच सांगतो, कारण ‘एका खोलीतून महिना पन्नास हजार’ छापाचे व्हिडिओ मोबाइलवर रोज येतात आणि त्यात खर्चाचा रकाना कुणी दाखवत नाही. इथे धरलेले भाव हिशेबापुरते आहेत. तुमच्या गावचा भाव वेगळा असेल तर तो घालून बेरीज पुन्हा करा, रीत तीच राहील.

चिंचपाडा नवापूर तालुक्यात, नंदुरबार जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला. खान्देश म्हटलं की कापूस, केळी आणि कोरडं ऊन डोळ्यांपुढे येतं, पण हा पट्टा भाताचा. पाऊसही उरलेल्या खान्देशापेक्षा बरा. दिवाळीच्या आसपास भात झोडून झाला की खळ्यावर पेंढा रचलेला असतो. अळंबीला लागतो तो कच्चा माल म्हणजे हाच. देशात धिंगरी पेंढ्यावर वाढवण्याची पद्धत १९६२ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत बानो आणि श्रीवास्तव यांनी बसवली, तीही भाताच्याच पेंढ्यावर. म्हणजे इथे काही नवा शोध लावायचा नाही. आपल्या पेंढ्यावर, आपल्या हवेत आणि आपल्या गिऱ्हाइकाला ते परवडतं का, एवढंच तपासायचं आहे.

आधी महिना ठरवा

धिंगरीला पिशवी पांढरी होईपर्यंत २४ ते २८ अंश आणि फळ धरताना २० ते २८ अंश तापमान मानवतं. हवेत ओलावा ८० ते ९० टक्के हवा. नंदुरबार जिल्ह्याचा एप्रिल-मे आठवा, म्हणजे त्या दोन महिन्यांत हात का घालू नये ते कळेल. पारा चाळीशीच्या वर गेला की गोणपाटावर दिवसभर पाणी मारूनही खोली थंड होत नाही. कूलर आणि विजेचं बिल धरलं की हिशेब तिथेच संपतो. उन्हाळ्यातच लावायची हौस असेल तर दुधी अळंबी किंवा भाताच्या पेंढ्यावरची उष्ण हवेतली अळंबी असे वेगळे प्रकार आहेत, त्यांना ३० ते ३५ अंश चालतात. पण दुधीवर मातीचा थर द्यावा लागतो, आणि दुसरा प्रकार धिंगरीपेक्षाही लवकर नासतो. पहिल्या वर्षी दोन्ही नकोत. बटण अळंबीचा तर विचारच सोडा. तिला शिजवलेलं कंपोस्ट आणि १४ ते १८ अंशांची खोली लागते, आणि तो खर्च लाखांत मोजतात.

चिंचपाड्यात जूनच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत धिंगरी लावता येते. पावसाळ्यात ओलावा फुकट मिळतो, पण माश्या आणि हिरवी बुरशीही फुकटच येतात. शिवाय हातातला पेंढा गेल्या हंगामाचा असतो. ऑक्टोबरची उन्हं ओसरल्यावर, नवा पेंढा घरात आल्यावर लावलेली खेप सगळ्यात बिनघोर. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री वाढ मंदावते आणि तोडा आठवडाभर लांबतो. नुकसान मात्र होत नाही.

पेंढा फुकटचा नसतो

‘पेंढा तर घरचाच आहे’ हे वाक्य हिशेबाच्या वहीत घालू नका. तो गुरांच्या तोंडचा आहे. उन्हाळ्यात चारा विकत घ्यावा लागला तर पेंढ्याची खरी किंमत तेव्हा कळते. आपल्याकडे पेंढा पेंढी, भारा किंवा ट्रॉलीवर विकला जातो, किलोवर नाही. म्हणून एक भारा काट्यावर ठेवा आणि भाव किलोवर आणा. मी इथे किलोला ६ रुपये धरले आहेत.

पेंढा पिवळाधमक, कडकडीत आणि पावसात न भिजलेला हवा. भिजून काळा पडलेल्या किंवा कुबट वास येणाऱ्या पेंढ्यात दुसऱ्या बुरशीने आधीच घर केलेलं असतं. असा पेंढा अर्ध्या भावात मिळाला तरी महागच पडतो, कारण पिशवी वाया गेली की त्यातलं बियाणं, सरपण आणि मेहनत सगळंच जातं. दोन भारे चारताना बाजूला काढा आणि ताडपत्रीखाली, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर रचा. ही पावसाळ्यातल्या खेपेची तयारी नोव्हेंबरातच करायची असते.

दुसरं काय चालेल? गव्हाचं काड, ज्वारीचा कडबा, मक्याचे धांडे आणि दाणे काढलेली कणसं, सोयाबीनचं कुटार, तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, उसाची चिपाडं. नवापूर तालुक्यात डोकारे इथे साखर कारखाना असल्यामुळे ऊस आणि चिपाडं दोन्ही परिसरात ओळखीची. मराठवाड्यातल्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धिंगरीची एक जात अशाच निरनिराळ्या काडीकचऱ्यावर वाढवून पाहिली होती. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गव्हाचं काड तिला भुईमुगाच्या वेलापेक्षा आणि सोयाबीनच्या कुटारापेक्षा मानवलं. शेंगदाण्याची पेंड, हरभऱ्याचं पीठ किंवा भाताचा कोंडा मिसळल्यावर उत्पादन वाढलं, असंही त्यांना दिसलं.

कागदावर हे वाचून लगेच पऱ्हाट्या गोळा करू नका. पऱ्हाटी आणि तुराटी जाड असते. ती दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत बारीक करायला कुट्टी यंत्र लागतं, विळ्याने हातच सोलवटतात. कुट्टी करून घ्यायला तासावर किंवा पोत्यावर पैसे मोजावे लागतात. भाताचा पेंढा मात्र घरच्या कडबा कापायच्या अडकित्त्यावर किंवा विळ्यावर निभतो. कोंडा-पेंड मिसळण्याचा मोहही पहिल्या खेपेला आवरा. पोषण वाढलं की ते हिरव्या बुरशीलाही मिळतं, आणि पाणी नीट तापवलं नसेल तर अख्खी पिशवी तिचीच होते.

प्रयोगच करायचा तर असा करा. वीस पिशव्यांपैकी बारा भाताच्या पेंढ्याच्या, चार गव्हाच्या काडाच्या आणि चार निम्मा पेंढा-निम्म्या तुराट्यांच्या. प्रत्येक पिशवीत कोरडी काडी किलोभरच घ्या, पिशवीवर खडूने खूण करा आणि प्रत्येक तोड्याचं वजन वहीत लिहा. किलोभर कोरड्या काडीतून किती ओली अळंबी निघाली, एवढा एकच आकडा हवा आहे. ७०० ग्रॅम निघाली तर नवशिक्याला चांगली. चांगल्या व्यवस्थापनात किलोला किलोही निघते, पण पहिल्या हिशेबात ती धरायची नाही.

बियाणं : इथे काटकसर नको

अळंबीचं बियाणं म्हणजे उकडलेल्या गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेले पांढरे तंतू. लोक त्याला स्पॉनच म्हणतात. किलोला मी १२० रुपये धरले आहेत. शंभराच्या आत-बाहेर कुठेही असेल तर व्यवहार सरळ आहे असं समजा. कुणी तेच बियाणं ‘खास जात’ म्हणून तीनशेला देत असेल तर कारण विचारा.

विचारपूस पहिल्यांदा नंदुरबारजवळच्या कोळदे इथल्या कृषी विज्ञान केंद्रात करा. प्रशिक्षण कधी आहे आणि बियाणं कुठून मिळेल, दोन्ही तिथे कळेल. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय अळंबी सुधार प्रकल्पाचं केंद्र आहे, तिथलं बियाणं महाराष्ट्रभर जातं. या प्रकल्पाचं आणि देशातल्या अळंबी संशोधनाचं मुख्य ठिकाण हिमाचलात सोलन इथे आहे. पुण्याहून मागवलं तर वाहतुकीचे दीड-दोनशे रुपये वरून धरा, आणि दोन गोष्टी पक्क्या सांगा : पाकीट रात्रीच्या गाडीने यावं, आणि तुमची काडी भिजत घालण्याच्या दिवसाला जोडून यावं. गाडीच्या टपावर उन्हात तापलेलं बियाणं दिसायला तसंच असतं, उगवत मात्र नाही.

पाकीट हातात आलं की उजेडात धरा. दाणे एकसारखे पांढरे, कापसासारख्या जाळीने बांधलेले दिसायला हवेत. कुठे हिरवा किंवा काळा ठिपका, तळाला पिवळं पाणी किंवा आंबूस वास असेल तर ते परत. एक खराब पाकीट दहा पिशव्या घालवतं. बियाणं महिन्याच्या आत वापरा. ठेवायचंच असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात.

कामाची रीत, खर्चाच्या अंगाने

पेंढा दोन-तीन इंचांचे तुकडे करून पोत्यात भरायचा आणि रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवायचा. सकाळी ८० अंशांच्या पाण्यात तासभर. दोनशे लिटरच्या पिंपात एका वेळी दहा-बारा किलो कोरड्या पेंढ्याचं पोतं बसतं, म्हणजे वीस पिशव्यांना दोन घाणे. सरपण घरचं असलं तरी दीडशे रुपये धरा. पऱ्हाट्या पिशवीत घालण्यापेक्षा या चुलीखाली जास्त उपयोगी पडतात, असं माझं मत.

दुसरी रीत औषधांची. शंभर लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिली फॉर्मॅलिन घालून पेंढा अठरा तास झाकून ठेवतात. सरपण वाचतं आणि एका वेळी जास्त पेंढा होतो, म्हणून मोठे उत्पादक ती वापरतात. पण फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते. ज्या पडवीत मुलं झोपतात तिथे ती नको. शिवाय औषधातून काढलेला पेंढा नंतर गुरांना घालता येत नाही. घरगुती प्रमाणात गरम पाणीच बरं.

पुढची पायरी फुकटची आणि सगळ्यात महत्त्वाची. पेंढा उताराच्या फरशीवर किंवा जाळीवर निथळत ठेवा. मग मूठभर घेऊन जोरात दाबा. बोटांच्या फटीतून थेंब पडला तर अजून थांबायचं. थेंब पडत नाही, पण मूठ उघडल्यावर तळहात ओलसर आहे, ही वेळ पिशवी भरायची. नवशिक्यांच्या निम्म्याहून जास्त पिशव्या जास्तीच्या पाण्याने जातात असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. तळाशी पाणी साचतं, पेंढा आंबतो, आणि पांढऱ्या तंतूंऐवजी दोन दिवसांत शाईसारख्या विरघळणाऱ्या छत्र्या उगवतात. त्या खायच्या नाहीत.

अठरा बाय चोवीस इंचांच्या पारदर्शक पिशवीत चार-पाच इंच पेंढा, कडेने बियाणं, पुन्हा पेंढा, असे चार-पाच थर. एका पिशवीला शंभर ग्रॅम बियाणं. हात साबणाने, मग स्पिरिटने पुसायचे, आणि पंखा बंद. तोंड बांधून स्वच्छ सुईने पंधरा-वीस भोकं पाडायची. मग पंधरा ते वीस दिवस अंधाऱ्या जागेत. पिशवी आतून पांढरीशुभ्र झाली की प्लास्टिक कापून काढायचं, गठ्ठा टांगायचा, खिडकी थोडी उघडायची आणि दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा मारायचा. चार-पाच दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसतात, आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत तोडा.

तोडणी टोपीची कड खाली वळलेली असतानाच करायची. कड वर उचलली, लाटांसारखी झाली, की वजन वाढल्यासारखं वाटतं, पण माल लवकर मोडतो आणि पांढरी भुकटी हवेत उडू लागते. ही भुकटी म्हणजे तिची बीजं. बंद खोलीत ती रोज नाकात गेली की काहींना खोकला आणि ताप धरतो. दहा रुपयांचा मास्क खर्चात धरा आणि खोलीत शिरण्याआधी दार उघडून ठेवा. झुपका देठाशी धरून हलका पिळा दिला की निघतो. बुंधा मागे राहू देऊ नका, तो कुजतो. तोडायच्या आधी पाणी मारू नका, ओली अळंबी संध्याकाळपर्यंत चिकट होते. आठ-दहा दिवसांच्या अंतराने असे तीन तोडे मिळतात. पहिले दोन भरघोस, तिसरा मन राखायला.

वीस पिशव्यांची वही

पेंढा नासाडी धरून २५ किलो : १५० रुपये. बियाणं दोन किलो : २४०, वाहतूक १८०. पिशव्या १००. सरपण १५०. स्पिरिट, कापूस, चुना, ब्लीचिंग पावडर : १५०. झाले ९७०. एकदाच घ्यायचं ते : जुनं पिंप ९००, आर्द्रतामापक ३५०, हातफवारा २५०, गोणपाट आणि सुतळी ३००, म्हणजे १,८००. एकूण २,७७०.

वीसपैकी तीन पिशव्या वाया जातील असं धरा. सतरा पिशव्यांतून ७०० ग्रॅमप्रमाणे बारा किलोच्या आसपास माल. दोन किलो घरात आणि शेजारी जाणार, ते थांबवूही नका, जाहिरात तीच. दहा किलो १५० रुपयांनी गेला तर १,५०० रुपये. चालू खर्च निघून पाचशे उरले, वस्तूंचे पैसे अजून वसूल व्हायचे, आणि तुमच्या दीड महिन्याच्या रोजच्या तासाभराला शून्य रुपये. पहिली खेप म्हणजे शिकवणीची फी. पाच-दहा हजारांच्या ‘दोन दिवसांच्या कार्यशाळे’पेक्षा ही स्वस्त आणि जास्त शिकवणारी.

शंभर पिशव्या : खरा प्रश्न इथे सुरू होतो

जागा हवी बारा बाय वीस फुटांची. बांबू, गवती छप्पर, गोणपाटाच्या भिंती, खाली वाळू. बांबू-गवत विकत आणून, सुताराची मजुरी देऊन पंधरा ते पंचवीस हजार रुपये. बांबू बांधावरचा आणि हात घरचे असतील तर पाच-सात हजारांत होतं. मी पंधरा हजार धरतो आणि ते तीन वर्षांच्या पंधरा खेपांवर वाटतो, म्हणजे खेपेला हजार.

नवापूरकडे एक सल्ला हमखास मिळतो : रिकामी पोल्ट्री शेड वापरा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरातच सापडला, २०२१ मध्ये पुन्हा कोंबड्या माराव्या लागल्या, तेव्हा रिकामी शेड हा इथला जुना विषय आहे. सल्ला वाईट नाही, पण शेड फुकट मिळाली तरी अळंबीघर फुकट होत नाही. पत्रा तापतो, त्याखाली गवताचा किंवा गोणपाटाचा थर लागतो. बाजूच्या जाळ्या झाकाव्या लागतात. विष्ठेचा अमोनिया राहिला तर माश्या आणि त्या शाईच्या छत्र्या ठरलेल्या. तूस खरवडून काढणं, चुना, ब्लीचिंग आणि महिनाभर मोकळी ठेवणं, हा सगळा खर्च नव्या बांबूच्या शेडएवढा होत असेल तर बांबूच बरा.

आता खेपेचा खर्च. पेंढा ११० किलो ६६०, बियाणं दहा किलो १,२००, वाहतूक ३००, पिशव्या ४००, सरपण ६००, स्वच्छता ३००, दोनशे ग्रॅमची पाकिटं ७००, माल बाजारात नेण्याचं भाडं १,०००. बेरीज ५,१६०. शेडचा वाटा धरून ६,१६०. मजुरी वेगळी : पेंढा कापणं, उकळणं, भरणं आणि रोजची देखरेख मिळून साधारण पंधरा दिवसांचं काम.

उत्पादन : दहा पिशव्या गेल्या, नव्वदांतून ६३ किलो. पंचावन्न किलो ओला विकला, आठ किलो राहिला तो वाळवला. दहा किलो ओल्याचा एक किलो सुका होतो, म्हणजे ८०० ग्रॅम, त्याचे सुमारे ६४० रुपये.

ओला माल सरासरी १४० रुपयांनी गेला तर ७,७०० आणि सुक्याचे मिळून ८,३४०. खर्च वजा जाता २,१८० रुपये. पंधरा दिवसांनी भागा : रोजचे १४५. शेतमजुरीपेक्षा कमी.

तोच माल, तेवढाच, स्वतः फिरून २०० रुपयांनी विकला तर हातात ५,४८० येतात, रोजचे ३६५.

आता उलटं करून पाहा. भाव १४० च ठेवा आणि पिशवीमागे ७०० ऐवजी ९०० ग्रॅम काढा. जादा पाकिटं धरून रोजचे तीनशेच्या आसपास पडतात. म्हणजे उत्पादन वाढवण्यासाठी कोंडा, पेंड, टॉनिक यावर डोकं घालण्यापेक्षा भाव ६० रुपयांनी वाढवण्यावर घातलं तर जास्त मिळतं. अळंबीच्या व्हिडिओत सगळे पिशवी भरायला शिकवतात, विकायला कुणी शिकवत नाही.

चोवीस तासांचा माल

धिंगरी साध्या हवेत जेमतेम दिवसभर टिकते, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. सकाळी तोडलेली संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या घरी हवी. म्हणून पिशव्या लावायच्या आधी गिऱ्हाइकांची यादी करा, नंतर नाही.

चिंचपाडा-नवापूर भागात एक गोष्ट पथ्यावर पडते : अळंबी म्हणजे काय हे समजवावं लागत नाही. पावसाळ्यात वारुळाजवळची, रानातली अळंबी इथल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली आहे. अडचणही तीच. जी वस्तू रानात फुकट मिळाली, तिला पाव किलोला पन्नास रुपये कोण मोजणार? म्हणून श्रावणात विकायला निघू नका. रानातली संपल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर, पैसे देणारं गिऱ्हाईक वेगळं असतं : शिक्षक, रेल्वेचे कर्मचारी, ख्रिस्ती रुग्णालयाच्या परिसरातली कुटुंबं, नवापूरची दुकानदार मंडळी. तीस पक्की घरं आठवड्याला अर्धा किलो घेत असतील तर शंभर पिशव्यांची खेप इथल्या इथे संपते. त्यापुढे गेलात की बाहेर जावं लागतं. चिंचपाडा स्टेशन सुरत-भुसावळ मार्गावर आहे, पूर्वेला खांडबारा-नंदुरबार, पश्चिमेला नवापूर आणि पुढे सुरत. पण सुरतेला पाच किलो घेऊन जाण्यात तिकीट आणि दिवस दोन्ही बुडतात. त्यासाठी एका तोड्याला पंचवीस-तीस किलो माल हवा आणि तिकडे आधी बोललेला व्यापारी हवा.

हॉटेलांचा भरवसा पहिल्या वर्षी धरू नका. त्यांना बटण अळंबीची सवय आहे, ती फ्रिजमध्ये टिकते आणि भाजीत तिचा आकार राहतो. धिंगरी खपवायची तर एकदा स्वतः करून चाखवावी लागते. कांदा, लसूण, हिरवी मिरची, थोडं दाण्याचं कूट, झाकण न ठेवता मोठ्या आचेवर. झाकण ठेवलं की पाणी सुटून भाजी रबरासारखी होते आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

पिशव्या एकदम भरू नका. शंभरचे चार वाटे करा, दर आठवड्याला पंचवीस. तोडाही वाटला जातो आणि एकाच दिवशी वीस किलो अंगावर येत नाही. सरपण थोडं जास्त लागतं, पण फेकलेल्या मालापेक्षा ते स्वस्त.

सुकवणं हा उरलेल्या मालाचा मार्ग, धंद्याचा नाही. नोव्हेंबरच्या उन्हात मलमलीखाली दोन दिवसांत कडकडीत होते. पावसाळ्यात उन्हावर भिस्त ठेवली तर बुरशी लागते. सुका माल पाकिटात घालून दुकानात ठेवायचा असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. छोट्या व्यवसायाच्या नोंदणीची सरकारी फी किरकोळ आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो. एजंट त्याचे हजार-दोन हजार मागतात. सेतू केंद्रात किंवा शिकलेल्या पोराकडून भरून घ्या.

सवलत आणि सापळा

फलोत्पादन अभियानात अळंबी युनिटला अनुदान आहे. जुन्या निकषांत खासगी युनिटला वीस लाखांच्या प्रकल्पावर चाळीस टक्के, तेही कर्ज घेतल्यावर मागाहून जमा होणारं. निकष बदलत असतात, तालुका कृषी कार्यालयात चालू आकडा विचारा. पण हे शंभर पिशव्यांच्या माणसासाठी नाही. अनुदान मिळतं म्हणून वीस लाखांचं युनिट काढणारा आधी बँकेचा हप्ता भरतो, मग अळंबी विकतो. बचतगटांना सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत सुकवणी-पॅकिंगसाठी ३५ टक्के अनुदान आणि सभासदामागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवल अशी तरतूद होती. गट ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाशी जोडलेला असेल तर समन्वयकाला ती सध्या चालू आहे का ते विचारून घ्या.

सापळा ‘बायबॅक’चा. कंपनी म्हणते, आमचं बियाणं घ्या, आमचं प्रशिक्षण घ्या, माल आम्हीच उचलू. असा करार समोर आला की काही प्रश्न लेखी विचारायचे. भाव ओल्या मालाचा की सुक्याचा? सुक्याचा ८०० म्हणजे ओल्याचे ८० रुपये झाले, हे लक्षात ठेवा. माल गावातून उचलणार की पुण्या-मुंबईला पोचवायचा? प्रत ठरवणार कोण? अनामत किती आणि परत कधी? गेल्या वर्षी ज्यांचा माल घेतला अशा तीन शेतकऱ्यांचे नंबर देता का? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक फोन थंडावतात. कीडाजडी नावाच्या औषधी बुरशीच्या लाखालाखाच्या प्रयोगशाळा विकणाऱ्यांनाही हेच प्रश्न लागू.

उरलेल्या पेंढ्याचं काय? तीन तोड्यांनंतरचा गठ्ठा गरम पाण्यातून काढलेल्या पेंढ्याचा आणि पांढराच असेल, त्यावर हिरवं-काळं काही नसेल, तर वाळवून थोडा थोडा गुरांच्या वैरणीत मिसळता येतो. डाग पडलेला सरळ गांडूळखताच्या खड्ड्यात. सुरुवातीला पेंढ्याचे जे सहा रुपये किलो धरले, त्यातले दीड-दोन रुपये इथे परत येतात, ते वहीत जमेच्या बाजूला लिहून ठेवा.